प्रेमाचा खोडवा: द्राक्षबागेतल्या सेकंड चान्स रोमान्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली दोन वर्षं मी एक गोष्ट भागाभागांत लिहितेय. पलूस-तासगावकडची द्राक्षबाग, एकदा मोडलेलं लग्न, आणि तेरा वर्षांनी परत समोरासमोर आलेली दोघं. मी कोल्हापूरची, राजारामपुरीत राहते, दिवसा नोकरी आणि रात्री भांडी-बिंडी उरकली की लिहायला बसते. भाग टाकला की मेसेज येतात आणि त्यातले निम्मे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून काढू, परत कोणी विचारलं की हेच पुढं ढकलायचं. क्रम वगैरे काही नाही, आठवतील तसे घेतलेत.

सेकंड चान्स रोमान्स म्हणजे काय? एक्सची गोष्टच ना?

एक्सची गोष्ट, पण पुढं काहीतरी घडणारी. दोघं आधी एकत्र होती, मग तुटलं, काही वर्षांनी परत भेटतात, एवढं तर लागतंच. पण नुसतं जुनं प्रेम आठवून उसासे टाकणं ह्याला सेकंड चान्स म्हणत नाहीत. तसल्या गोष्टी आपल्याकडं पोत्यानं पडल्यात, तो रंकाळ्यावर एकटा बसलाय, ती नवऱ्याचा हात धरून समोरून जाते, हा नुसता बघत बसतो आणि संपलं. ती विरहकथा झाली. रोमान्समध्ये वाचकाला आधीच शब्द दिलेला असतो की शेवटी दोघं एकत्र येणार, तो शब्द मोडला तर लोक शिव्या देतात आणि बरोबरच देतात.

माझ्या ऑफिसातल्या एका सरांना मी हे समजावत होते तर ते म्हणाले, "म्हणजे प्रेमाचा खोडवाच की!" उसाच्या मुलखातला माणूस, दुसरं काय सुचणार. लावणीचा ऊस तुटून गेला की बुडखे जमिनीत राहतात, त्यालाच परत फुटवे येतात, नवं बेणं लावावं लागत नाही, तो खोडवा. मला नाव इतकं आवडलं की मथळ्यातच टाकलं. पण माझ्या मते ही उपमा शेवटपर्यंत टिकत नाही, का ते छाटणीच्या प्रश्नात सांगते.

शेवट आधीच माहीत असेल तर वाचायचं कशाला?

तर्री तिखट असणार हे माहीत असून मिसळ खाता ना? तसंच. मागच्या वेळी जे आडवं आलं होतं ते ह्या वेळी आडवं का येणार नाही, एवढ्यासाठी वाचायचं.

हे सगळं परदेशी फॅड नाही का?

नाव परदेशी आहे हे मान्य. बाजार पण तिकडचाच, मिल्स अँड बून १९०८ साली लंडनला सुरू झालं, हार्लेक्विन १९४९ साली कॅनडात विनिपेगला, आणि १९७१ मध्ये हार्लेक्विननं मिल्स अँड बून विकत घेतलं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत ती पुस्तकं भाड्याच्या लायब्ररीतून आणायची आणि वर वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं, कारण मुखपृष्ठावरचा माणूस शर्टाशिवाय असायचा.

पण गोष्ट आपल्याकडं कधीपासून आहे ते बघा. नल-दमयंती घ्या. जुगारात सगळं घालवून नल तिला जंगलात झोपलेली सोडून जातो, जाताना तिच्या वस्त्राचा अर्धा तुकडा फाडून नेतो. पुढं तो बाहुक नावानं ऋतुपर्ण राजाकडं सारथी म्हणून राहतो, रूपही बदललेलं. दमयंती काय करते तर दुसऱ्या स्वयंवराची खोटी आवई उठवते, निरोप फक्त ऋतुपर्णालाच आणि तोही अशा बेतानं की दुसऱ्या दिवशीच पोचायला लागावं, कारण एका दिवसात एवढं अंतर घोडे पळवणारा जगात एकच माणूस आहे हे तिला ठाऊक असतं. तो येतो तरी ती लगेच गळ्यात पडत नाही. दासीला पाठवून त्यानं शिजवलेलं मांस मागवते, चव बघते आणि ओळखते. मटणाच्या चवीवरून नवरा ओळखणं, ह्यापेक्षा कोल्हापुरी काय असू शकतं सांगा! आणि ओळखल्यावर सुद्धा समोर बोलावून जाब विचारते की झोपलेल्या बायकोला सोडून जाणारा माणूस कधी बघितलायस का. मला ह्या प्रकारात जे जे पाहिजे ते सगळं ह्यात आहे, सापळा, ओळख आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जाब.

पण वाइनच्याच गावात का? इंग्रजीत पण ही असली पुस्तकं ढिगानं दिसतात.

दिसतात, आणि त्याला कारण आहे. कॅलिफोर्नियात नापा, सोनोमा, वर ऑरेगॉनमध्ये विलामेट, न्यूयॉर्ककडं फिंगर लेक्स, ऑस्ट्रेलियात बरोसा, सगळीकडं छोटी छोटी गावं आहेत, मधे एक चौक, बेकरी, सगळे सगळ्यांना ओळखतात आणि शनिवार-रविवार बाहेरचे लोक टेस्टिंगला येतात. लेखकाला दोन गोष्टी फुकटात मिळतात. पहिली म्हणजे तारीख, द्राक्ष पिकलं की काढावंच लागतं, ते तुमचं भांडण मिटायची वाट बघत थांबत नाही, त्यामुळं एकमेकांचं तोंड बघायचं नसलं तरी दोघांना एकाच ओळीत उभं राहून काम करावं लागतं. दुसरी म्हणजे जमीन. वेल लावला की चांगलं पीक हातात यायला तिसरं वर्ष उजाडतं आणि पुढं तो पंधरा-वीस वर्षं तिथंच असतो, म्हणजे ज्यानं लावला तो निघून गेला तरी त्यानं लावलेलं रोज समोर दिसतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे जमत नाही.

शिवाय धोका खरा असतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये नापा-सोनोमात वणवे लागले, आणि आग बागेपर्यंत आली नाही तरी धूर द्राक्षात उतरतो आणि वाइनला जळका वास येतो, म्हणजे सगळं शाबूत दिसतंय पण आतून बिघडलंय. लेखकाला ह्याहून जास्त काय हाताशी द्यायचं.

आणि हो, थोडा दिखाऊपणा पण असतो त्यात. सूर्यास्त, ग्लास, लाकडी पिंप. एका पिंपात २२५ लिटर बसते, म्हणजे साधारण तीनशे बाटल्या, पण रोमँटिक पुस्तकात ती पिंपं कोणी धुताना दिसत नाही.

मग नाशिक सोडून पलूस का निवडलं?

नाशिकवर लिहिणारे नाशिकचे आहेत की. तिथं गंगापूर धरणाकडं सुला आहे, त्यांची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि आता तिथं मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. तिथल्या गोष्टीत पर्यटक येणारच. मला पर्यटक नको होते.

२००१ साली राज्य सरकारनं द्राक्षावरचं वाइन धोरण आणलं तेव्हा दोन वाइन पार्क ठरले, एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि दुसरं आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यात पलूसला, कृष्णा वाइन पार्क. नाशिकसारखं पर्यटन काही तिथं उभं राहिलं नाही, आणि तेच माझ्या कामाचं. मोठं स्वप्न आलं, लोकांनी त्यावर हिशेब मांडले, आणि मग ते जेवढं म्हटलं होतं तेवढं झालं नाही, अशा गावात मोडलेलं लग्न बरोबर बसतं. त्यात २००८ नंतरच्या मंदीत वाइनचा धंदा बसला, बऱ्याच शेतकऱ्यांची द्राक्षं वाइनरीनं उचलली नाहीत, काहींनी वाइनच्या जाती उपटून परत खायची द्राक्षं लावली. माझ्या गोष्टीतलं लग्न २०१० साली मोडतं ते उगीच नाही.

आणि तो भाग मला पाठ आहे, माझी मावशी तिकडंच दिलेली. मिरज-पुणे लायनीवर किर्लोस्करवाडी स्टेशन, भिलवडीला उतरून औदुंबरला दत्ताला जायचं, संक्रांतीला तिथं साहित्य संमेलन भरतं नदीकाठी. माझी दोघं पहिल्यांदा तिथंच भेटतात, तो कविता ऐकायला नव्हे तर खुर्च्या लावायला आलेला असतो.

छाटणीचं एवढं काय सारखं सारखं? चौथ्या भागात पानभर छाटणीच आहे.

आहे, आणि काढणार नाही.

आधी माझी फजिती सांगते. पहिल्या मसुद्यात मी काढणी सप्टेंबरात लिहिली होती, कारण परदेशी पुस्तकांत ऑगस्ट ते ऑक्टोबर काढणी असते आणि माझ्या डोक्यात तेच बसलेलं. मावसभावाला वाचून दाखवलं. तो बेदाण्याच्या शेडवर बसून हिशेब करत होता, मान वर न करता म्हणाला, "सप्टेंबरात काय काढतीस, पानं?"

तर आपल्याकडं द्राक्षाचं असं असतं. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातनं एकदाच छाटतात. आपल्याकडं वेल झोपत नाही, म्हणून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यात वेल पार ओलांड्यापर्यंत, म्हणजे मांडवावरच्या जाड आडव्या फांदीपर्यंत, भुंडा करतात, बघवत नाही, नवख्या माणसाला वाटतं मारला आता. त्यातनं नव्या काड्या येतात पण त्या फुटीवर फळ धरत नाहीत, पुढच्या फळाची तयारी तेवढी काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, आतल्या आत होते, बाहेरून काही दिसत नाही. मग ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, आणि त्या फुटीला घड येतात, जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. ऑक्टोबरात काडी कुठं कापायची हे पण अंदाजानं नाही, बरेच जण आधी काड्या लॅबमध्ये देऊन कितव्या डोळ्यात घड आहे ते बघून आणतात. चुकीच्या ठिकाणी कापलं तर नुसता पाला.

म्हणून म्हटलं खोडव्याची उपमा टिकत नाही. खोडव्यात मूळ तेच आणि कोंबही बुडख्यातनं आपला आपण येतो. लोकांना सेकंड चान्स असाच वाटतो, की भेटले, जुनं मूळ आहेच, फुटेल की. आणि ज्यांनी शेती केलीय त्यांना माहीत आहे की नुसता सोडून दिलेला खोडवा लावणीएवढा उतरत नाही. द्राक्षात तुम्हाला हातात कात्री घेऊन ठरवावं लागतं की मागच्या हंगामातलं काय ठेवायचं आणि काय उडवायचं. माझ्या गोष्टीतली दोघं एप्रिलमध्ये तुटलीत आणि ऑक्टोबरला भेटतात, मधे तेरा वर्षं गेलीत एवढंच.

ते पेस्ट लावायचं दृश्य खरं आहे का? त्या रात्री तो वाइन का पीत नाही?

खरं आहे, माझं सगळ्यात आवडतं आहे. छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण लावतात, बोलताना सगळे नुसतं पेस्ट म्हणतात. कुठल्या काडीला लागलं कुठल्या नाही हे कळावं म्हणून त्यात रंग घालतात, बायका हातमोजे घालून बोळ्यानं एकेक काडी पुसत पुढं सरकतात, संध्याकाळपर्यंत ओळीच्या ओळी लालसर दिसायला लागतात. आता ह्या औषधाचं असं की ते अंगाला किंवा श्वासात गेलेलं असताना दारू घेतली तर अंगावर येतं, चेहरा लाल होतो, धडधड, चक्कर, म्हणून पेस्टच्या आधी आणि पुढं काही दिवस थेंबभर पण घ्यायची नसते.

मी ते तसंच वापरलं. तेरा वर्षांनी दोघं पहिल्यांदा एका टेबलाशी बसलीत, त्याच्याच बागेच्या द्राक्षाची वाइन समोर आहे, ती ओतते आणि तो ग्लास बाजूला सरकवतो. तिला वाटतं अजून राग आहे. तो फक्त हात दाखवतो, नखाच्या कडेला लाल रंग राहिलेला. बास, त्या भागात दुसरं काही घडत नाही आणि सगळ्यात जास्त मेसेज त्यालाच आले.

परदेशी गोष्टीत हिरॉइनला मावशीची वाइनरी वारशात मिळते, तुमची हक्कसोडवर सही करायला का येते?

कारण आपल्याकडं मावशीची वाइनरी मिळत नाही, मावशीला चार दीर असतात.

सिरियसली, वारसा हा ह्या प्रकारातला सगळ्यात जुना बहाणा आहे, शहरातली मुलगी गावात परत यायला काहीतरी निमित्त पाहिजे. आपल्याकडं मुलीला गावात परत आणणारा खरा कागद म्हणजे हक्कसोड पत्र. वडील गेले, वारस नोंद लागली, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव चढलं, आणि भावाचा फोन येतो की ताई एक दिवस येऊन जा, सहीचं तेवढं काम आहे. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढा हक्क १९९४ सालीच दिला, देशभर तो २००५ च्या दुरुस्तीनं आला, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क जन्मानंच मिळतो, २००५ साली वडील हयात होते का नव्हते ह्याचा संबंध नाही. तरीपण किती बहिणी साडी-चोळीवर सही करून परत जातात हे तुम्हाला आणि मला दोघांना माहीत आहे.

तर माझी नायिका सही करायला येते, तिच्या वडिलांच्या बागेला लागूनच त्याची बाग आहे, बांध एकच, आणि सही करायच्या आदल्या दिवशी बांधावरनं चालताना तिच्या लक्षात येतं की आपल्याला सही करायची नाही. तिचं त्याच्याकडं परत जाणं नंतरची गोष्ट, ती आधी स्वतःच्या जमिनीवर परत येते. हा क्रम मी मुद्दाम ठेवलाय आणि तो कोणासाठी बदलणार नाही, भावाच्या बाजूनं लांबलचक मेसेज करणाऱ्यांनी तेवढं लक्षात घ्यावं.

जाता जाता, लिहिणाऱ्यांसाठी: मुंबईचा आयटीवाला हिरो उठला आणि त्यानं द्राक्षबाग विकत घेतली असं लिहू नका. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, नाहीतर कलेक्टरची परवानगी. वाचक लगेच पकडतात, विशेषतः सांगली-कोल्हापूरचे.

घटस्फोट झालेल्या जोडप्याची लव्ह स्टोरी? घरात वाचायला ऑड वाटतं.

ऑड वाटू दे की थोडं.

कायद्यातच एवढी गोष्ट भरलीय की मला आश्चर्य वाटतं लोक वापरत का नाहीत. हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायला कलम १३ ब आहे, आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, मग किमान सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत परत कोर्टात जाऊन सांगायचं की होय, आम्ही ठाम आहोत. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे सहा महिने बंधनकारक नाहीत, योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं. आणि निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणजे कायदाच म्हणतोय की जा, सहा महिने विचार करून या! माझ्या दोघांनी तेव्हा विचार केला नाही, दुसऱ्या तारखेला दोघं वेळेवर हजर राहिली, आणि तिला पुढं तेरा वर्षं हेच टोचत राहतं की तो वेळेवर आला होता.

एकदा घटस्फोट पुरा झाला की परत एकत्र राहायचं तर परत रीतसर लग्न करावं लागतं हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्पेशल मॅरेज ॲक्टनं करायचं तर तीस दिवसांची नोटीस ऑफिसच्या फळ्यावर लागते. लहान गावात तीस दिवस फळ्यावर दोघांची नावं, विचार करा.

एक दुःख सांगते. अपिलासाठी दोघं एकाच रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघालीत, एकाच डब्यात, असा सीन मी दुसऱ्या एका गोष्टीसाठी वहीत लिहून ठेवलेला. मग १८ ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सगळ्या गावाला आनंद झाला, मला पण झाला, पण सीन गेला ना.

तुटलं कशामुळं हे इतक्या उशिरा का सांगता? गैरसमजच असणार.

गैरसमज नाही. माझा एक साधा नियम आहे, एक फोन करून मिटलं असतं अशा कारणावर गोष्ट उभी करायची नाही. बहिणीला प्रेयसी समजला, चिठ्ठी दुसऱ्यालाच मिळाली, असल्या कारणांवर लोकांनी दोनशे पानं खर्च केलेली वाचलीत मी, शेवटी वाटतं ह्या दोघांना परत एकत्र आणण्यापेक्षा एकेक मोबाइल घेऊन द्यावा.

माझ्या गोष्टीत त्यानं तिच्या पाटल्या तिला न विचारता गहाण टाकल्या. वाइनच्या द्राक्षासाठी नवी कलमं करायला पैसे पाहिजे होते, वाटलं हंगाम निघाला की सोडवून आणू, कळणार पण नाही. मग वाइनरीनं माल उचलला नाही, वरनं गारपीट. पाटल्या गेल्या. ती पाटल्यांसाठी गेली नाही, विचारलं नाही म्हणून गेली. हे खरं कारण आहे आणि खऱ्या कारणाला खरा बदल लागतो. म्हणून दुसऱ्या वेळी तो गुलाब-बिलाब आणत नाही. ती बागेत येते तेव्हा तो ट्रॅक्टरच्या सीटखालची, कडा तेलकट झालेली हिशेबाची वही काढतो आणि तिच्यापुढं धरतो. औषधं किती, मजुरी किती, सोसायटीचं कर्ज किती, सगळं. कुठंही सॉरी लिहिलेलं नाही.

मारणाऱ्या किंवा छळणाऱ्या नवऱ्याला सेकंड चान्स देणार का?

नाही. ह्यावर चर्चा नाही.

नायिका "मी जातो", "मी आलो" का म्हणते? टायपिंगची चूक आहे का?

हा प्रश्न फक्त पुण्या-मुंबईचे विचारतात! अहो चूक नाही, आमच्याकडं पोरी असंच बोलतात, मी जेवलो, मी येतो, मी नाही जात जा. मी स्वतः घरात असंच बोलते, लिहिताना तेवढी शहाण्यासारखी लिहिते. नायिका पुण्यात नोकरीला गेल्यावर लोक हसले म्हणून तिनं "जाते, येते" शिकून घेतलंय. परत आल्यावर पहिले सहा भाग ती त्याच्याशी पुणेरीच बोलते, एकदम नीट. सातव्या भागात बांधावर कडाक्याचं भांडण होतं आणि ती ओरडते, "मी चाललो, बस तू तुझी बाग घेऊन!" तो तिथंच हसायला लागतो. नीट वाचलं असतंत तर तो का हसला हे विचारायची वेळ आली नसती.

वाइन म्हणजे दारूच. हे असलं लिहून काय संस्कार करणार?

संस्कार करायला मी लिहीतच नाही. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, शेतकऱ्याचा फायदा का व्यसन, दोन्हीकडून बोलणारे माझ्या एकाच घरात होते आणि एकाच ताटावर भांडत होते. तो वाद मी गोष्टीत घेतलाय, नायकाची आई माळकरी आहे, ती बागेत राबते पण वाइनच्या बाटलीला हात लावत नाही. तिचं मला पटतं आणि तिच्या मुलाचं पण पटतं.

मलाही असं काही लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

आधी तुटलं कशामुळं ते एका ओळीत लिहा. ती ओळ वाचून तुम्हाला स्वतःला वाटलं पाहिजे की मी असते तर मी पण गेले असते. मग दुसऱ्याच्या बाजूनं लिहा. दोन्ही पटायला लागलं की पुढं सरका, नाही पटलं तर थांबा, घाई नाही.

चवीबद्दल लिहिताना परदेशी पुस्तकातनं ओक, चेरी, तंबाखूचं पान वगैरे उचलू नका. शिराझची लाल वाइन प्यायलेली माझी नायिका म्हणते की पिकलेल्या जांभळानं जीभ धरते तसं होतंय आणि मागनं गुऱ्हाळावरच्या काहिलीचा वास येतोय. कोणा तज्ज्ञाला पटेल न पटेल, शाहूपुरीत गुळाच्या बाजारातनं कधी चालत गेलेल्या माणसाला पटतं. आणि वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षासारखं लांब, गोडगोड लिहू नका, ते बारीक असतं, साल जाड, आत बिया. खायचं सोनाका वेगळं, वाइनचं शिराझ वेगळं.

कुठं टाकायचं म्हणाल तर आधी करार वाचा. माझी पहिली गोष्ट मी एका ॲपवर टाकली होती, पंधरा भाग झाल्यावर एके दिवशी ती कुलुपाच्या आत गेली, वाचायला पैसे, आणि मला विचारलं पण नाही. तक्रार केली तर अटींमध्ये लिहिलंय म्हणाले. होतंच लिहिलेलं. पाटल्यांचा प्रसंग मला कुठनं सुचला असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर.

हिरो दिसायला कसा आहे? वर्णनच नाही.

उन्हानं काळवंडलेला, पोट थोडं सुटलेलं, हसला की बरा दिसतो. अडतीस वर्षांचा द्राक्षवाला आहे तो, सिक्स पॅक कुठनं आणू.

पुढचा भाग कधी आणि शेवटी लग्न होणार का?

गोष्टीत आता जानेवारी संपत आलाय, मण्यांत पाणी उतरलंय, पण गोडी अजून भरायची आहे. तो रोज सकाळी चार मणी चिरडून गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकतो आणि आकडा वहीत लिहितो, आणि हल्ली ती वही तिच्याकडं असते. फळ्यावर नोटीस लागलीय का नाही ते सांगत नाही. भाग पुढच्या रविवारी, रात्री साडेदहानंतर, पाणी येऊन गेलं की.